खडेबाजारातलं आपलं दुकान बंद पडू नये म्हणून नक्की काय करावं?

पुण्यातला_टिळकवाडीकर

दिवाळीला घरी, बेळगावला गेलो होतो. दर खेपेप्रमाणे खडेबाजारात वह्या-पेन्सिलींच्या दुकानात डोकावलो. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पहिलीपासून बारावीपर्यंतची माझी सगळी पुस्तकं, वर घालायचे खाकी कागद, कंपास, प्रयोगवही सगळं तिथलं. वडिलांचं खातं होतं. जूनमध्ये माल उचलायचा आणि गणपतीपर्यंत फेडायचा.

या वेळी शटर अर्धं खाली. आत काका एकटेच, कामाला पोरगा नाही. काकूंचं ऑपरेशन झालंय, मालकाने भाडं वाढवलंय, आणि शाळाच वह्या-पुस्तकं देतात म्हणून जूनचा धंदा निम्म्यावर आलाय. "मार्चपर्यंत बघतो, मग बघू," म्हणाले.

आम्हा वर्गमित्रांच्या ग्रुपवर लगेच ठरलं की पैसे गोळा करून द्यायचे. मी काकांकडे आडून आडून विषय काढला. त्यांनी चहा सांगितला आणि पाऊस यंदा कसा लांबला ते बोलत बसले. निघताना एवढंच म्हणाले, "पैसे नकोत रे. गिऱ्हाईक आण."

तर प्रश्न असा की लांब राहून अशा दुकानाला खरंच उपयोगी पडेल असं काय करता येतं? अनुभव सांगा. आणि हात जोडून विनंती, धागा दुकानांच्या पाट्या कन्नड की मराठी या वादावर नेऊ नका.

कपिलेश्वर_पूल

कुठलं खडेबाजार? शहरातलं की शहापूरचं? आधी ते सांगा.

पुण्यातला_टिळकवाडीकर

शहरातलं रे बाबा. शहापूरकर आलेच बघा पहिल्या मिनिटाला. :)

आयटीतला_बेळगावी

वाईट वाटेल, पण बोलतो. दुकान हा धंदा आहे, देऊळ नव्हे. तीच वही मला घरपोच स्वस्त मिळते, नको असेल तर परत घेतात, रात्री अकराला मागवता येते. बाजारपेठेत जायचं तर गाडी कुठे लावू? गणपत गल्लीत संध्याकाळी चालायला जागा नसते. लहानपणीच्या आठवणींसाठी दर महिन्याला जास्त पैसे का मोजायचे?

मांडे_खाणारा

काय बोलूलास रे! वर्षात दोनदा वही घेणारा माणूस तू, दर महिन्याला कसले पैसे मोजतोस?

खडेबाजारची_लेक

माझ्या माहेरचं कटलरी-बांगड्यांचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने लिहिते.

बाहेरच्याला भरलेलं दुकान दिसतं. आतल्याला दिसतो अडकलेला पैसा. वरच्या फळीवर तीन वर्षांपूर्वीचा माल, ज्याचे पैसे व्यापाऱ्याला कधीच देऊन झालेत. खाली चालू माल, ज्याचे पैसे महिनाभरात द्यायचेत. आणि गल्ल्याच्या खाली उधारीची वही. संध्याकाळी सोसायटीचा पिग्मीवाला येतो, रोजची बचत गोळा करायला. दिवस कसाही जावो, बाबा त्याला रिकाम्या हाताने पाठवत नसत. कधी दोनशे, कधी वीस. त्या पिग्मीवरच माझं लग्न झालं.

आता मदतीचं. दुकानात येऊन "काका, फार वाईट झालं हो, सगळं ऑनलाइन गेलं" असं म्हणणारे रोज दोघे-तिघे भेटतात. त्यातले निम्मे बांगडीचा रंग बघतात, माप घालून बघतात, फोटो काढतात आणि "येते हं" म्हणून जातात. बाबांना त्याचा राग येत नाही, मला येतो.

२०२० साली २५ मार्चला सगळं बंद झालं. बांगड्या काही जीवनावश्यक नव्हेत. दुकान महिनोन्‌महिने बंद, भाडं चालू. उघडलं तेव्हा बाबांनी वही काढली आणि फक्त बघत बसले. एकालाही फोन केला नाही. म्हणे, "त्यांचंही बंदच होतं की." त्या वहीतल्या कितीतरी नावांपुढे अजून रेघ मारलेली नाही. ती माणसं आता चांगल्या गाड्यांतून फिरतात, बाबांना नमस्कारही करतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं. ग्रुपवर वर्गणी काढण्याआधी प्रत्येकाने घरी विचारा, आपलं खातं होतं का तिथे? बाकी आहे का? ती फेडा. ती मदत नव्हेच, त्यामुळे घेणाऱ्याला लाज वाटत नाही.

निपाणीचा_बापू

ताई, दंडवत. आमच्याकडे तंबाखूचा पैसा हातात आला की शेतकरी आधी दुकानाची बाकी मिटवायचा, मग घरी जायचा. म्हणजे, घरी पोचेपर्यंत पैसा उरत नसे म्हणूनही असेल!

चंदगडी

आमचा तालुका महाराष्ट्रात, जिल्हा कोल्हापूर, पण बाजार बेळगाव. कोल्हापूर आम्हाला लांब. लग्नाचा बस्ता, शेतीची अवजारं, डॉक्टर, सगळं बेळगावला.

आई शनिवारी बाजाराला यायची. एसटीतून उतरली की पहिलं काम म्हणजे ओळखीच्या दुकानात रिकाम्या पिशव्या टाकायच्या. मग भाजी, मिरची, मसाला घेत फिरायचं आणि भरलेली पिशवी तिथेच आणून ठेवायची. शेवटची गाडी चुकली तर त्याच दुकानदाराने कुणाच्या तरी टेम्पोत बसवून दिलंय. कधी कधी आई त्याच्याकडून काहीच घ्यायची नाही, तरी पिशवी ठेवायला कधी नाही म्हणाला नाही. याचा भाव आयटीवाल्यांनी काढून दाखवावा.

२०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोनाच्या आरटीपीसीआर टेस्टची सक्ती झाली तेव्हा शिनोळी-बाचीच्या वेशीवर आमची माणसं अडायची. तीनशे रुपयांच्या बाजारासाठी टेस्ट कोण करणार? नंतर गेलो तर आईचं पिशवीचं दुकान बंद झालेलं. मोबाईलच्या कव्हरांचं आलंय तिथे.

आयटीतला_बेळगावी

पिशवीचा मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही लिहितो. मागच्या वर्षी एका दुकानात शर्टाचे चार नग बघितले तर मालक म्हणाला, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" बायकोसमोर! सुटे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवतात. बदलून मागितलं तर आपणच चोर. ही वागणूक सहन करणं म्हणजे पाठिंबा का?

खडेबाजारची_लेक

नाही. असा दुकानदार बुडाला तर मी रडणार नाही. फक्त एक विचारते, सकाळी गेला होतात का? भवानी व्हायच्या आधी चार नग उलगडून न घेता गेलात तर जुना माणूस चिडतो. चूकच आहे, पण आहे.

आयटीतला_बेळगावी

...साडेदहाला गेलो होतो.

मांडे_खाणारा

सापडला! :D

कॅम्पातला_म्हातारा

पार्किंगचं कुणीतरी बोललं ते खरं दुखणं आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग रस्ते खणायला घेतले. माझ्या भाच्याच्या दुकानासमोर खड्डा, त्यावर फळी, आणि फळीवरून कोण गिऱ्हाईक येणार? त्या काळात ज्यांची सवय मोडली ती मोडलीच. मोठ्या दुकानांनी बाहेर रस्त्यावर जागा घेतली, खाली गाड्या लावायची सोय केली, लोक तिकडे वळले. दुकानदारांचंही चुकतं. स्वतःची स्कूटर आणि कामगारांच्या दोन गाड्या सकाळी दहापासून रात्रीपर्यंत स्वतःच्याच दारात लावतात, आणि वर म्हणतात गिऱ्हाईकाला जागा नाही.

कपिलेश्वर_पूल

काका, हे छापून खडेबाजारात लावलं पाहिजे.

पाटीवर कन्नडमध्ये साठ टक्के आणि मराठीत... नको. विनंती लक्षात आहे. गप्प बसतो.

पुण्यातला_टिळकवाडीकर

आभार. :)

हिशेबनीस

छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे दोन शब्द.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून व्यापारी कर खात्याच्या नोटिसा आल्या. घाबरून कित्येकांनी क्यूआर कोडच काढून टाकले. माझ्याकडे एक बेकरीवाला रडत आला. त्याच्या खात्यात पोराचे, मेव्हण्याचे, भिशीचे, सगळेच पैसे यायचे. मालाच्या विक्रीत वर्षाला ४० लाखांच्या वर गेलं की जीएसटीची नोंदणी करावी लागते, सेवा असेल तर २० लाख. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. किराणावाल्याची उलाढाल मोठी दिसते, हातात राहतं चिमूटभर. पुढे सरकारने जुनी बाकी वसूल करणार नाही म्हणून सांगितलं, पण भीती बसायची ती बसलीच. तेव्हा कुणी "रोख द्या" म्हणालं की लगेच करबुडवा ठरवू नका, आणि आपण होऊन "बिल नको, कमी करा" असंही म्हणू नका. दुसरं वाक्य मी रोज ऐकतो.

दुसरं या धाग्याशी थेट संबंध असलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. वह्यांवर आधी १२ टक्के होता. गिऱ्हाईकाला आनंद. पण कंपोझिशनमधला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणारा छोटा दुकानदार खरेदीवर भरलेला कर परत मिळवू शकत नाही. म्हणजे काकांच्या फळीवर उन्हाळ्यात घेतलेला माल असेल तर तो करासकट घेतलेला, आणि गिऱ्हाईक म्हणतं "पेपरात तर स्वस्त झालं म्हणून आलंय." ही घासाघीस निदान ओळखीच्यांनी करू नये.

वडगावचा_माग

सगळे खडेबाजारावर बोलूलासा, दुकानाच्या मागं कोण हाय ते बघा की ओ.

आमच्या घरात दोन पॉवरलूम. साडी विणून आम्ही शहापुरातल्या दुकानदाराला देतो. तो सूत देतो, मजुरी देतो, लग्नसराईआधी अ‍ॅडव्हान्स देतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं, मागाच्या खड्ड्यात चिखल, मोटर गेली. त्या वेळी पहिले पैसे त्याच दुकानदाराने दिले, व्याज न लावता. पुढं दोन वर्षं त्याचीच विक्री थंड झाली तर मजुरी अडकली. भांडलो बी त्याच्याशी. पण सोडून जाणार कुठं?

दुकान बंद पडलं की एक घर बंद पडत नाही. विणणारा, रंगवणारा, घड्या घालणारी बाई, हातगाडीवाला. तुमच्या ऑनलाइनवर सुरतेची साडी "इरकल पॅटर्न" म्हणून येते, ती आमच्या बायकांनी बी घेतलेली हाय, खोटं कशाला बोलू. आम्ही स्वस्तच बघतो.

खडेबाजारची_लेक

शेवटचं वाक्य फार प्रामाणिक आहे, अण्णा.

हिशेबनीस

विणकरांवरून आठवलं. वर कुणी पिग्मीचं लिहिलंय ना, ती कल्पनाही विणकरांच्या पडत्या काळातूनच आलेली. सिंडिकेट बँक उडुपीत १९२५ ला मुख्यतः अडचणीतल्या विणकरांना भांडवल मिळावं म्हणून निघाली, आणि १९२८ पासून बँकेचा माणूस दारोदार जाऊन दिवसाला दोन आणे गोळा करू लागला. आपल्या गल्लीतला पिग्मीवाला त्याच वंशातला.

जुना_बेळगांवकर

धागा भरकटलाच आहे तर मीही एक फांदी तोडतो. बेळगावात दुकान काढून अडचणीत येणारे काका पहिले नव्हेत. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी इथे सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे, तिकडून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इथे विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढे लोखंडी नांगर केला तर शेतकरी घेईनात, म्हणे लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. मग कारखान्याची जागाही सोडावी लागली, आणि १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं. तिथे किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडे रस्त्याला नाव राहिलं.

मांडे_खाणारा

म्हणजे बेळगावकरांनी तेव्हा चार नांगर घेतले असते तर...

जुना_बेळगांवकर

तर आज तू किर्लोस्कर रोडवर कुंदा खात बसला नसतास, कारखान्यात पाळी केली असतीस.

मांडे_खाणारा

नांगर न घेतल्याबद्दल पूर्वजांचे आभार.

गोव्यातली_सुनबाई

मी लग्न होऊन पणजीला आले. इकडचे लोक अजून चोर्ला घाटातून खरेदीला बेळगावला येतात, ते गल्लोगल्लीच्या दुकानांसाठीच. माझ्या सासूबाई अजूनही मसाल्याचं सामान बेळगावहूनच आणवतात. घाट पावसात खराब झाला की बाजारातही मंदी. काकांचं दुकान रस्त्याच्या अवस्थेवर चालतं हे बेंगळूरला कोण सांगणार?

कॅम्पातला_म्हातारा

कर्ज मिळतं ना आता? सरकारी योजना आहेत की.

हिशेबनीस

२०२० च्या जूनमध्ये आलेली स्वनिधी योजना रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी, दहा हजारांपासून सुरुवात होती. दुकानासमोर टोपली घेऊन बसणाऱ्या मावशीला ते मिळतं, तिच्या मागच्या दुकानदाराला नाही. त्याला मुद्रा कर्ज वगैरे. पण खरं सांगू? साठीच्या पुढच्या, घरात आजारपण असलेल्या माणसाला मी नवं कर्ज काढ म्हणणार नाही. विक्री नसताना कर्ज म्हणजे गळ्यातला दगड.

सदाशिवनगर

ती समोर बसणारी मावशी हाच तर प्रॉब्लेम आहे. दुकान दिसतच नाही.

खडेबाजारची_लेक

आमच्या पायरीवर बसणारी फुलवाली मावशी बाबा जेवायला गेले की दुकान बघते. तिच्याकडे येणाऱ्या बायका आमच्याकडे पिना घेतात. सगळ्यांच्याच दारात असं गोड चालतं असं नाही, भांडणंही बघितलीत. पण मावशी उठवली म्हणून आमचा गल्ला भरेल असं मला वाटत नाही.

पुण्यातला_टिळकवाडीकर

मंडळी, वाचून खूप कळलं. पण इतके प्रतिसाद झाले, काकांचं काय? मार्च फार लांब नाही.

चंदगडी

वह्यांचा धंदा वर्षात कधी चालतो? जूनच्या तोंडावर. म्हणजे माल कधी भरायचा? मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हाच काकांच्या हातात पैसे नसणार. उधारीने भरला तर व्यापारी महाग लावतो. माझ्या मते अडचण तिथे आहे.

तुम्ही वर्गणी देणारच होतात ना? ती द्या, पण ऑर्डर म्हणून द्या. खानापूर तालुक्यात, आमच्याकडे चंदगडला, जंगलाकडच्या मराठी शाळा आहेत. तिथल्या पोरांसाठी वह्या, पेन्सिली, पट्ट्या काकांकडे आत्ताच नोंदवा आणि पूर्ण पैसे आगाऊ द्या. काकांना बिनव्याजी भांडवल, पोरांना वह्या. एका शाळेचे गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत, किती पोरं ते विचारून सांगतो.

आयटीतला_बेळगावी

हे पटलं. यात माझे धरा. आणि घासाघीस करणार नाही, साडेदहालाही जाणार नाही.

खडेबाजारची_लेक

छान आहे, पण दोन गोष्टी. कुठल्या कंपनीच्या वह्या, काय भाव, ते काकांना ठरवू द्या. तुम्ही ऑनलाइनचा भाव दाखवून "एवढ्यात बसवा" म्हणालात तर सगळंच मुसळ केरात. आणि त्यांना "तुमच्यासाठी करतोय" असं चुकूनही सांगू नका. शाळेसाठी वह्या हव्यात, एवढंच सांगा. ते ओळखतीलच, ओळखू दे.

सदाशिवनगर

एक वर्ष झालं, पुढच्या वर्षी काय?

वडगावचा_माग

पुढचं वर्ष मागवाल्याला विचारू नका ओ. आम्ही पुढच्या शनिवारपर्यंतच बघतो.

खडेबाजारची_लेक

सदाशिवनगर, प्रश्न बरोबर आहे. काकूंचं बरं होईपर्यंत तग धरला तरी ते स्वतः ठरवतील, चालवायचं की बंद करायचं. निदान कर्जात बुडून बंद करायला लागू नये. सन्मानाने शटर ओढणं यालाही काही किंमत आहे.

पुण्यातला_टिळकवाडीकर

अपडेट देतो. परवा दोन दिवसांसाठी बेळगावला गेलो होतो.

आधी बाकीचं. बाबांना फोन करून विचारलं तर ते ठामपणे म्हणाले, एक पैसा बाकी नाही. काकांना विचारलं तर तेही नाहीच म्हणाले. मी हट्टाने जुनी वही काढायला लावली. आमच्या पानावर ३४० रुपये, मी बारावीला होतो त्या वर्षीचे. काका म्हणाले, "ते मी कधीच सोडलं." मी नोटा काउंटरवर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि सावकाश, पट्टी लावून रेघ मारली. ग्रुपवर सांगितल्यावर आणखी चौघांनी आपापल्या घरी विचारलंय. एकाच्या आजोबांच्या नावावर निघाली.

मग ऑर्डर सांगितली. चंदगडींनी दिलेला पोरांचा आकडा आणि पैसे पुढे केले. मला वाटलं होतं नाही म्हणतील, किंवा डोळ्यांत पाणी वगैरे. तसलं काही नाही. कागद ओढला आणि मलाच झापलं, "नुसत्या 'वह्या' काय लिहून आणलंस? एकरेघी किती, दुरेघी किती, चौकडी किती? पहिलीच्या पोराला एकरेघी देणार काय? गुरुजींना विचारून ये जा."

पैसे ठेवून घेतले, पावती दिली. यादी उद्यापर्यंत द्यायची आहे.

चंदगडी

गुरुजींना लगेच लावतो फोन. पहिली-दुसरीला दुरेघी, गणिताला चौकडी, बरोबर?

मांडे_खाणारा

इंग्रजीला चाररेघी राहिली! परत झापतील.

कपिलेश्वर_पूल

चित्रकलेच्या पण टाका. आणि शहापूरच्या खडेबाजारातही एक दुकान आहे, ते पुढच्या वर्षी.